पहिला पगार, पुण्यातली खोली आणि हातात येणारे २२ हजार: महिना कसा बसवायचा

ऑफर लेटर आलं की घरात पहिला प्रश्न पगार किती, आपण सांगतो ३ लाख ६० हजार, बाबा मनातल्या मनात बाराने भागतात आणि म्हणतात म्हणजे महिन्याला ३० हजार की, आणि मग त्या ३० हजारावर सगळ्यांची गणितं सुरू होतात, कोण म्हणतं गाडी घे, कोण म्हणतं बहिणीची फी आता तू भर. पण खात्यात ३० हजार येणारच नसतात. म्हणून बजेटची सुरुवात खोलीभाड्यापासून करू नका, ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर पगाराची फोड असते तिथून करा.

हे सगळं मी पुणं डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, कारण लातूर, बार्शी, जळगाव, सांगलीकडून पहिल्या नोकरीला येणारी इतकी मुलंमुली इथंच येतात. आकडे तुमच्या एरियाप्रमाणे हजार-पाचशे इकडं तिकडं होतील, पद्धत तीच राहील.

आधी हातात किती येणार ते काढा

समजा सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, ३ लाख ६० हजार, म्हणजे महिना ३०,०००, आणि त्यात बेसिक (मूळ पगार) १५,०००. आता यातून काय काय वजा होतं बघा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, १,८००, तो सीटीसीतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, साधारण ७२१, ही कायम नोकरीत सहसा ५ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते पण आत्ताच पगारात धरलेली असते. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, १० टक्के असेल तर ३,०००, जे वर्षाच्या शेवटी मिळालं तर मिळालं. उरले २४,४७९. आता यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो, फेब्रुवारीत तो ३०० असतो. हातात आले २२,४७९.

मुलगी असेल तर महाराष्ट्रात महिना २५ हजारापर्यंतच्या पगाराला व्यवसाय कर माफ आहे, १ एप्रिल २०२३ पासून, तरी तुमच्या स्लिपवर तो कापलेला दिसला तर एचआरला विचारा, लाजायचं काही कारण नाही. इन्कम टॅक्सची काळजी या पगाराला नको, नवीन पद्धतीत वर्षाच्या १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला २०२५-२६ पासून कर पडत नाही.

व्हेरिएबल बजेटमध्ये अजिबात धरायचं नाही. जॉइनिंग बोनस असेल तर तो एक वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो असं बहुतेक लेटरमध्ये लिहिलेलं असतं, ते वाचा. म्हणजे आपला आकडा २२,५०० धरून चालू.

पहिला पगार येईपर्यंतचे पैसे

याकडं कोणीच लक्ष देत नाही आणि इथंच सगळ्यात जास्त ओढाताण होते. जॉइन झाल्यावर लगेच ३० दिवसांनी पगार होतो असं नसतं. बऱ्याच कंपन्यांत महिन्याच्या १५ किंवा २० तारखेला पगाराची यादी बंद होते, त्यानंतर जॉइन झालात तर त्या महिन्याचे दिवस पुढच्या महिन्याच्या पगारात येतात, आणि काही ठिकाणी पगारच पुढच्या महिन्याच्या ७ ला होतो. म्हणजे २२ जूनला जॉइन झालेल्या पोराला पहिला पैसा ७ ऑगस्टला दिसू शकतो. जॉइनिंगच्या आधी एचआरला एकच मेल टाका, की पगार कोणत्या तारखेला होतो आणि कटऑफ तारीख कोणती.

दीड महिना काढायला साधारण किती लागतात ते असं बघा: खोलीचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं, मेसचे आगाऊ पैसे, गादी-उशी-बादली-इस्त्री-कुलूप असं किरकोळ सामान (गादी नवीन घ्यायची तर दीड-दोन हजार सहज जातात), ऑफिसचे दोन शर्ट आणि बूट, दीड महिन्याचा प्रवास. कॉट बेसिसवर (अख्खी खोली नाही, फक्त एका खाटेचं भाडं) राहिलात तरी २५ हजाराच्या खाली हे बसत नाही. हे पैसे घरून घ्या पण उसने म्हणून घ्या, किती आणि किती हप्त्यांत देणार ते आधीच बोला. घरची परिस्थिती नसेल तर मामा-काका कोणाकडून घ्या, पण फोनवरच्या ॲपवरून घेऊ नका, त्यावर पुढं लिहिलंय.

राहायचं कुठं

पहिले तीन महिने कॉट बेसिसवर काढा हे माझं स्पष्ट मत आहे. फ्लॅट घेऊ नका. नोकरी टिकते का, शिफ्ट कोणती लागते, टीम हिंजवडीतून खराडीला हलवतात का, यातलं काहीच पहिल्या दिवशी माहीत नसतं. हिंजवडीत ऑफिस आहे म्हणून वाकडला ११ महिन्यांचा करार केला आणि दोन महिन्यांत प्रोजेक्ट मगरपट्ट्याला गेला की शहराच्या या टोकाहून त्या टोकाला रोजची वारी. कॉट बेसिसला एक महिन्याचं डिपॉझिट, एक महिन्याची नोटीस, सुटसुटीत.

स्वस्त म्हणून लांब राहायचं की महाग पण जवळ, हे भाड्यावरून ठरवू नका, भाडं अधिक प्रवास अशी बेरीज करून ठरवा. नऱ्हे-आंबेगावला खोली दीड हजाराने स्वस्त मिळाली पण रोज हिंजवडी गाठायला कॅब-रिक्षा शेअर करावी लागली तर ते दीड हजार दहा दिवसांत संपतात, वर रोजचे तीन तास. पीएमपीएमएलचा, म्हणजे शहर बसचा, महिन्याचा पास जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर ९०० वरून १,५०० झाला, तरी रोज दोनदा बस बदलणाऱ्याला तो परवडतो. मेट्रोच्या मार्गावर, म्हणजे पिंपरी ते स्वारगेट किंवा वनाज ते रामवाडी, घर आणि ऑफिस दोन्ही बसत असेल तर मग प्रश्नच नाही.

तीन महिन्यांनी मित्रांबरोबर फ्लॅट घ्यायचा झाला तर हिशोब नीट मांडा. समजा टू बीएचके १९,५०० भाड्याने, तिघं जण, प्रत्येकी ६,५००. डिपॉझिट ६० हजार म्हणजे प्रत्येकी २० हजार. ब्रोकर मधे असेल तर तो सहसा एक महिन्याचं भाडं घेतो, म्हणजे आणखी ६,५००, आणि हे परत येत नाहीत. म्हणून सोसायटीच्या वॉचमनकाकांना विचारा, ऑफिसमधल्या सीनियरला विचारा, कोणी सोडून चाललंय का बघा.

करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला असावाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. खर्च कोणी करायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं, पण एजंट सात-आठ हजार सांगायला लागला तर खालचं गणित त्याच्यासमोर ठेवा. मुद्रांक शुल्क असतं एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. ११ महिन्यांचं भाडं २,१४,५००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ११ महिन्यांचे ५,५००, एकूण २,२०,०००, त्याचे ०.२५ टक्के झाले ५५० रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. बाकी जे काही सांगतील ती एजंटची मजुरी आणि किरकोळ खर्च, त्यावर घासाघीस होऊ शकते.

चावी घेतली त्या दिवशी, सामान आत न्यायच्या आधी, लाईटच्या मीटरचा फोटो काढा ज्यात युनिटचा आकडा आणि मीटर नंबर दोन्ही दिसतील. मग भिंतींचे, बाथरूमच्या नळांचे, गीझरचे, खिडकीच्या तुटलेल्या जाळीचे फोटो, आणि सगळे मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, "काका, आज घर ताब्यात घेतलं, ही आत्ताची स्थिती" एवढंच लिहून. अकरा महिन्यांनी डिपॉझिटमधून रंगाचे पैसे, नळाचे पैसे कापायची वेळ आली की हा एक मेसेज तुमचे पाच-सहा हजार वाचवतो. महावितरणचं मागचं बिल थकलेलं नाही ना तेही ग्राहक क्रमांक टाकून बघून घ्या. आणि बिलाचं एक लक्षात ठेवा, १०० युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर जवळजवळ दुप्पट होतो, तिघांच्या घरात १०० सहज ओलांडले जातात आणि त्यात मोठा वाटा गीझरचा असतो, २ किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. सकाळी एकदाच लावून तिघांनी पाठोपाठ आंघोळ उरकायची.

जेवण

मेस किंवा डबा, आणि याचं गणित सगळे चुकवतात. समजा दोन वेळची मेस ३,४०० रुपये. रविवारी रात्री मेस बंद, म्हणजे महिन्याला ५६ ताटं, ताट पडलं ६१ रुपयांना, चांगलंय. पण तुम्ही महिन्यातून दोनदा गावी जाता, दर वेळी शुक्रवार रात्र ते रविवार दुपार अशी चार ताटं बुडतात, मग ४८ ताटं उरली आणि ताट ७१ ला गेलं. त्यात ऑफिसची पार्टी, बाहेर खाल्लं, उशीर झाला म्हणून मेस बंद झाली हे धरा. म्हणून पैसे भरायच्या आधी खाड्याचा नियम विचारा. बऱ्याच ठिकाणी सलग तीन दिवस असेल तरच खाडा धरतात आणि तोही आदल्या दिवशी सांगितला तर, शनिवार-रविवारच्या सुट्टीला काहीच वजा होत नाही. वारंवार गावी जाणाऱ्यांनी कूपनवाली मेस शोधावी, जेवढी ताटं तेवढे पैसे. काकूंकडून डबा घेत असाल तर थेट बोला, "काकू, मी महिन्यातून दोन शनिवार-रविवार नसतो, त्या हिशोबाने काय घ्याल?" शंभरातल्या नव्वद काकू काहीतरी कमी करतात.

घरी स्वयंपाक करणं स्वस्त पडतं पण तिघंही नियमाने जेवणारे असतील तरच, नाहीतर भाजी सडते आणि परत बाहेरून मागवलं जातं. पत्त्याचा पुरावा नसेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, मोठ्या कनेक्शनची वाट बघत बसू नका. सकाळचे पोहे-चहा आणि संध्याकाळचा चहा-वडापाव याचे महिना १,५०० धरा आणि ते मन मोकळं ठेवून खर्च करा. चहा बंद करा, वडापाव बंद करा असले सल्ले मला पटत नाहीत, दिवसभर राबणाऱ्या माणसाचा चहा बंद करून महिन्याला पाचशे वाचतात आणि दिवाळीत एका झटक्यात आठ हजार जातात, ज्यांचा कोणी हिशोबच धरलेला नसतो.

आता महिना मांडू

२२,५०० असे बसतात:

खोलीभाडं ६,५००
लाईट, वायफाय, गॅस, भांडी-झाडूच्या मावशी यातला आपला वाटा १,२००
मेस ३,४००
नाश्ता-चहा १,५००
बस पास १,५००
मोबाईल ३५०
घरी ३,०००
बचत २,५००
वर्षाचा डबा (दर महिन्याला न येणाऱ्या खर्चांसाठी बाजूला) १,५००
हातखर्च १,०५०

हातखर्च कमी वाटेल आणि तो कमीच आहे, साबण-तेल, केस कापणं आणि एखादं पिक्चर एवढंच त्यात भागतं. एज्युकेशन लोनचा हप्ता सुरू झालेला असेल तर तो सगळ्यात आधी, बचत आणि घरचे पैसे त्यानंतर, कारण हप्ता चुकला की सिबिल (कर्जफेडीच्या पतीचा स्कोअर) बिघडतो आणि सहकर्जदार म्हणून सही केलेल्या बाबांचाही बिघडतो.

यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला विचाराल तर वर्षाच्या डब्याची. पहिल्या वर्षी बजेट कोलमडतं ते दर महिन्याला न येणाऱ्या खर्चांनी. राखी, गणपती, दसरा, दिवाळी हे सगळं ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या चार महिन्यांत येतं, मग एप्रिल-मे मध्ये लग्नसराई, जूनमध्ये रेनकोट आणि बूट, मधेच डेंग्यूचा ताप. यातलं एकही अचानक येत नाही, तारखा कॅलेंडरवर छापलेल्या असतात. १,५०० गुणिले १२ म्हणजे १८ हजार, त्याचे मी असे भाग करतो: दिवाळीचा प्रवास आणि घरच्यांचे कपडे ६ हजार, बाकी वर्षभर गावी येणं-जाणं ३ हजार, लग्नातले आहेर २ हजार, स्वतःचे कपडे-बूट ३ हजार, दवाखाना २ हजार, करार नव्याने करायचा आणि सामान हलवायचं २ हजार. मोबाईलचं रिचार्जसुद्धा बघा, २८ दिवसांचं असतं म्हणून वर्षाला १२ नाही, १३ पडतात.

हा डबा जॉइन झाल्यापासून सुरू करा, दिवाळी जवळ आल्यावर नाही. आणि प्रवासात पैसे वाचवायची खरी जागा म्हणजे आधी केलेलं बुकिंग. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, लक्ष्मीपूजनाच्या तारखेतून ६० दिवस मागे मोजून मोबाईलमध्ये अलार्म लावून ठेवा. एसटीत बायकामुलींना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळं ताईंनो ट्रॅव्हल्सच्या भावाकडं बघूच नका. ट्रॅव्हल्सनेच जायची वेळ आली तर एवढं माहीत असू द्या की खाजगी बसला एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे, जास्त घेतलं तर तिकीट जपून ठेवून आरटीओकडं तक्रार करता येते.

घरी पैसे पाठवणं

यावर कुठं फार लिहिलेलं दिसत नाही, आपल्याकडं मात्र पोरगं नोकरीला लागलं की हा विषय पहिल्या महिन्यातच निघतो. आणि निघायलाच पाहिजे, घरच्यांनी शिकवलंय, शेतीचं किंवा दुकानाचं उत्पन्न एका वर्षासारखं दुसऱ्या वर्षी नसतं. पण पद्धत चुकते. काही मुलं पहिल्या महिन्यात जोशात १० हजार पाठवतात, दुसऱ्या महिन्यात ४, तिसऱ्यात काहीच नाही, आणि घरी वाटतं पोरगं बदललं. त्यापेक्षा कमी पाठवा पण ठरलेले पाठवा, ठरलेल्या तारखेला.

पगाराची स्लिप घरी दाखवा. खरंच दाखवा, व्हॉट्सॲपवर नको, गावी गेल्यावर समोर बसून. "बाबा, ३० म्हणतोय पण हातात साडेबावीस येतात, खोली-जेवण-प्रवासातच पंधरा जातात, मी दर महिन्याच्या ५ तारखेला ३ हजार टाकतो, आणि वर काही मोठं निघणार असेल, फी म्हणा, बियाणं म्हणा, तर दोन महिने आधी सांगा म्हणजे जमवता येईल." एवढं एकदा बोलून घेतलं की वर्षभराचं अवघडलेपण जातं. आईवडलांना आकडे कळतात, आपणच त्यांना सांगत नाही.

पहिल्या पगाराचे पेढे, आईला साडी, आजीच्या हातात पाचशे, हे सगळं करा, आनंदाने करा, फक्त आकडा आधी ठरवा, समजा ३ हजार, आणि त्या महिन्याचे घरचे पैसे तेच धरा. मुलींच्या बाबतीत उलटं होतं, अनेक घरांत लेकीचे पैसे घेत नाहीत. मग तेवढीच रक्कम स्वतःच्या नावावर आरडीत (बँकेतली दर महिन्याची ठरलेली ठेव) टाका, दुसऱ्या कोणाच्या नावावर नको, ओटीपी येतो तो नंबरही स्वतःचाच ठेवा.

नोकरी लागल्याचं कळलं की उसने मागणारेही येतात, चुलतभाऊ, शाळेतला मित्र. परत आले नाहीत तरी महिना अडणार नाही एवढीच रक्कम द्यायची, आणि मोठी मागणी आली तर "घरी ठरलेले पाठवावे लागतात, तेवढे नाहीत रे माझ्याकडं" हे खरं उत्तर पुरेसं असतं.

पैसे कुठं ठेवायचे

दोन खाती ठेवा. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडूच नका. पगार झाला त्याच दिवशी भाडं, मेस, पास, घरचे पैसे भरून टाका, २,५०० ची आरडी त्याच तारखेला आपोआप कापली जाईल असं लावा, वर्षाच्या डब्याचे १,५०० तिथंच पडू द्या. दुसऱ्या खात्यात फक्त नाश्ता-चहा आणि हातखर्चाचे मिळून २,५५० टाका आणि फोनवरचं यूपीआय त्याच खात्याला ठेवा. आता रोज वेगळा हिशोब लिहायची गरज नाही, १५ तारखेला त्या खात्यात हजाराच्या आसपास आहेत का एवढं बघितलं की कळतं. फ्लॅटमधल्या सामाईक खर्चाचा हिशोब मात्र लिहूनच ठेवा, एकाने वायफाय भरायचं, दुसऱ्याने मावशींचे, महिनाअखेरीला वजाबाकी करून मिटवायचं, पुढच्या महिन्यावर ढकलायचं नाही. पन्नास-शंभराच्या उधारीवरून मित्र तुटतात.

आरडीचं पहिलं ध्येय म्हणजे तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढणं. राहण्या-खाण्याचा खर्च महिना १५ हजार धरला तर ४५ हजार. महिन्याला अडीच हजाराने दीड वर्ष लागतं, लागू द्या. तोपर्यंत शेअर बाजार, एसआयपी, क्रिप्टो याकडं जाऊ नका असं माझं मत आहे, कारण प्रोबेशनमध्ये नोकरी गेली तर हेच ४५ हजार तुम्हाला गावी परत न जाता दुसरी नोकरी शोधू देतात. आणि ओळखीतले काका पॉलिसीचा फॉर्म घेऊन येतील, वर्षाला २५ हजार हप्ता, २० वर्षं. सही करू नका, आधी विचार करायला वेळ मागा. तुमच्यावर घर अवलंबून असेल तर साधा टर्म विमा (फक्त मृत्यू झाला तर घरच्यांना रक्कम देणारा) बघा. निदान बँकेत दोन सरकारी विमे सुरू करा, अपघाताचा वर्षाला २० रुपयांत आणि जीवनविमा ४३६ रुपयांत, दोन्हीचं कव्हर २ लाखांचं आहे.

कार्ड आणि ॲपवरची कर्जं

क्रेडिट कार्ड पगार खातं उघडतानाच देतात. वापरा, पण पूर्ण बिल भरता येणार असेल तरच. समजा फोन घेतला आणि बिल आलं २० हजार, खाली लिहिलेलं असतं किमान रक्कम १,०००, आपल्याला वाटतं एवढंच भरायचंय. उरलेल्या १९ हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी ६६५ व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ७८५. भरले १,००० आणि कर्ज कमी झालं २१५ रुपयांनी. शिवाय मागचं थकलेलं असताना नवीन खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज. कार्डावरून रोख कधीच काढू नका.

पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप महिनाअखेरीला फार सोपी वाटतात. त्यातलं एखादं तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट किंवा गॅलरी बघायची परवानगी मागत असेल तर तिथंच डिलीट करा, रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या ॲपला ते बघता येत नाही. वसुलीसाठी हीच यादी वापरून मामा-मावश्यांना फोन जातात. महिना खरंच अडला तर रूममेटला सांगा, मेसवाल्या काकांना आठ दिवस थांबायला सांगा, एचआरला ॲडव्हान्स विचारा. माणसं थांबतात.

पगार १५-१८ हजारच असेल तर

चाकण, भोसरी, रांजणगावला ट्रेनी म्हणून लागलेल्या डिप्लोमा-आयटीआयवाल्यांचं गणित वेगळं आहे. तिथं कंपनीची बस आणि कँटीन आहे का हे पगाराइतकंच महत्त्वाचं, एक वेळचं जेवण, नाश्ता आणि प्रवास कंपनीचा असेल तर वरच्या यादीतले साधारण चार हजार वाचतात. दोन ऑफर असतील तर हे मिळवून तुलना करा, नुसता पगार बघू नका. खोली कंपनीजवळ नको, बसच्या थांब्याजवळ घ्या.

पगार २१ हजारापर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचाऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतं, तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, १८ हजारावर १३५ रुपये, आणि कंपनी ३.२५ टक्के भरते. अनेक पोरं ही कपात बघून वैतागतात पण कार्ड काढतच नाहीत. ते कार्ड काढा, त्यावर तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडलांचीही नावं घालता येतात. (ट्रेनी अप्रेंटिसशिप कायद्याखाली असाल तर पीएफ आणि ईएसआय कापत नाहीत, जॉइन होतानाच विचारून घ्या.)

नोकरी बदलताना

वर्ष-दीड वर्षाने जास्त पगाराची नोकरी मिळते आणि मित्र सांगतात पीएफ काढून घे, ४०-५० हजार आहेत, गाडीचं डाऊन पेमेंट होईल. काढू नका. २०२४-२५ साठी पीएफला ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं होतं, तेवढं साध्या बचत खात्यात कुठं मिळत नाही, आणि ५ वर्षं सलग नोकरी व्हायच्या आत काढलेली रक्कम करपात्र धरली जाते. नवीन कंपनीत जॉइन होताना जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या, नवीन काढू देऊ नका, आणि सोडायच्या आधी जुन्या कंपनीच्या एचआरकडून तीन गोष्टी तपासून घ्या: आधार-पॅन यूएएनला जोडलेलं आहे, नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे, आणि नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर भरली आहे. ही तारीख राहिली की ट्रान्सफर अडकते, आणि एकदा तिथून बाहेर पडल्यावर एचआर फोन उचलेलच असं नाही.